कशावरून सर

"सर, खरं सांगू का? रागावणार नसाल तर सांगतो. मला काही म्हणजे काही आठवत नाही हो."

फोनवरच्या माणसाचं औषधांचं दुकान होतं आणि त्याच्या बोलण्यात मधूनमधून गिऱ्हाइकं शिरत होती. "दिवसातून दोनदा, जेवणानंतर," असं तो कोणाला तरी म्हणाला आणि पुन्हा सरांकडे वळला. "तुमचा तास छान असायचा, एवढं आठवतं. जेवणानंतरचा ना?"

"सकाळचा. पहिला," सर म्हणाले.

"मग मी झोपेतच असणार!" तो मनापासून हसला. "पण येऊन सांगायचं काय? कॉलेजात मला काय मिळालं, तेच ना? बायको मिळाली. ते सांगितलं तर चालेल?"

"नको. म्हणजे... अभिनंदन. पण ते नको."

सरांनी फोन ठेवला आणि चष्मा काढून डोळे चोळले. सकाळपासूनचा हा कितवा फोन, ते त्यांनी मोजलं नव्हतं. एकजण परगावी होता, एकाचा नंबर भलत्याच बाईकडे लागला आणि एकीने "तुम्ही भूगोल शिकवायचात ना?" असं इतक्या प्रेमाने विचारलं की सरांना "नाही" म्हणणंही जिवावर आलं. बँकेतला एक अधिकारी तेवढा "येतो" म्हणाला होता. त्याच्या त्या एका शब्दावर सर्व भिस्त होती.

सर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत. डोक्यावरचे केस काळे होते तेव्हापासून शिकवत आले होते. अलीकडे वर्गात मुलं अशी बसत की वाटावं, पुढची गाडी लागेपर्यंत थांबली आहेत. प्रवेश घटत चालले होते. आज दुपारी तपासणी समिती येणार होती आणि तिला पटलं नाही तर पुढच्या वर्षापासून हा विषय बंद. प्राचार्यांनी आठवड्यापूर्वीच सरांना खोलीत बोलावून दार लोटून घेतलं होतं. "सर, आकडे काही आपल्या बाजूने बोलत नाहीत. माणसं बोलली तर बोलतील. या विषयाचा फायदा झालेले दोन-चार माजी विद्यार्थी आणून बसवा. आणि राग मानू नका, पण तुम्ही स्वतः फार बोलू नका. तुम्हाला ते जमत नाही."

सरांना राग आला नव्हता. ते खरंच होतं. वर्गात फळ्यापाशी उभे राहिले की त्यांना शब्द सापडत. बाहेर पडले की दुकानदाराकडे सुटे मागतानाही जीभ अडखळे.

"काय म्हणाला तो?" बायको दारात येऊन उभी राहिली. तिचे हात ओले नव्हते, आणि तेच तिच्या कपाळावरच्या आठीचं कारण होतं.

"त्याला आठवत नाही."

"एवढी वर्षं घसा कोरडा केलात. एकाला तरी आठवत असेल की."

"कशावरून?" सर म्हणाले.

हे त्यांच्या तोंडून सवयीने जायचं. वर्गात कोणी "म्हणून" असं म्हणालं की सरांचा खडू हवेत थांबे आणि प्रश्न येई : कशावरून? मुलांनी मग त्यांचं नावच ते ठेवलं. कशावरून सर. मागच्या एका बाकावर कोणीतरी करकटकाने ते कोरूनही ठेवलं होतं, प्रश्नचिन्हासकट. ते प्रश्नचिन्ह सरांना आवडायचं, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"झालं सुरू," बायको म्हणाली. "अहो, नळाला टिपूस नाही. पंप नुसता घुं घुं करतोय. मी त्या पंपवाल्याला बोलावलंय. आधी घरातलं बघा, मग जगातलं."

पंपवाला आला तेव्हा सर अंगणात खुर्ची टाकून समितीपुढे बोलायचं एक वाक्य मनात घोळत बसले होते. येणाऱ्याच्या खांद्याला अवजारांची पिशवी, कानशिलांवर केस पिकलेले, पोट थोडं सुटलेलं. त्याने फाटकाची कडी लावली, वळला आणि जागच्या जागी थांबला.

"कशावरून सर!"

आणि लगेच जीभ चावली. "माफ करा सर. तोंडातून गेलं. मी तुमचा विद्यार्थी. मागच्या बाकावरचा."

सरांना तो अजिबात आठवला नाही. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले, "हो का, वा," असं काहीतरी म्हणाले. फोनवर कोणाला आपण आठवत नाही म्हणून सकाळपासून खट्टू होत होतो, आणि हा समोर उभा आहे तर आपली पाटी कोरी. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"चेहरा ओळखीचा वाटतो," ते म्हणाले.

"नसणारच वाटत सर. तेव्हा केस होते मला पुष्कळ आणि हजेरी थोडी." तो हसत पंपापाशी उकिडवा बसला. पंपाला कान लावला. "काकू, हा फूटव्हॉल्व्ह गेला असणार बघा."

"म्हणजे काय रे बाबा? मराठीत सांग."

"खालच्या टाकीत पाइप सोडलाय ना, त्याच्या तळाशी एक झडप असते. ती पाइपातलं पाणी धरून ठेवते. ती गळायला लागली की पंप नुसता ओरडतो, पाणी काही ओढत नाही."

"आमच्याकडे असंच असतं. ओरडायचं एकाने आणि पाणी भरायचं दुसऱ्याने," बायको म्हणाली आणि सरांकडे बघितलं.

त्याने पाइप वर ओढला, झडप उघडली, तीत पाणी ओतून धरली. थेंब गळला नाही. तो तसाच झडप हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. "नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "ही नाही." मग पिशवीतून साबणाचा डबा काढून त्याने पाइपाच्या एकेका सांध्याला फेस लावला आणि पंप चालू करून बघत बसला. एका सांध्यावरचा फेस आत ओढला गेला. "हा बघा. इथून हवा घेतोय." सुताचे वेढे, वर काहीतरी चिकट, एक पीळ. थोड्या वेळाने गच्चीवरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला.

सर हे सारं बघत होते आणि बघत नव्हते. 'विद्यार्थ्याच्या विचारशक्तीचा विकास' असं म्हणावं की 'विवेकशक्तीचा', इथे त्यांचं घोडं अडलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. बँकेतला अधिकारी होता. "सर, सॉरी हां, वरिष्ठ आलेत अचानक, निघता येणार नाही." सर म्हणाले, "काही हरकत नाही." फोन ठेवल्यावर मात्र त्यांना बराच वेळ उठवेना.

बायकोने पंपवाल्याला चहा दिला आणि चहाबरोबर समितीची सगळी कथाही. सर "जाऊ दे ग" म्हणत होते, पण ती अशा वेळी ऐकायची नाही.

"मग मी येतो की," पंपवाला म्हणाला. "दुपारी कुठे काम नाही मला."

सरांनी त्याच्या हातांकडे बघितलं. समितीतले लोक, त्यांच्या फायली, आणि त्यांच्यापुढे हा, हातावर काळं तेल. आपल्याला डॉक्टर, वकील, निदान बँकेतला तरी माणूस हवा होता.

"पदवी घेतलीस ना तू?" त्यांनी विचारलं.

"घेतली सर. तिसऱ्या श्रेणीत. मग अर्ज करकरून दमलो आणि वडिलांचं काम धरलं."

"म्हणजे... उपयोग असा काही झाला नाही."

"आता उपयोग म्हणजे सर..." त्याने कपातला चहा फिरवला. "असं लगेच नाही सांगता येणार. पण मी येतो. सांगतो काहीतरी चांगलं."

सर चष्मा पुसत बसले. बायको कप उचलताना त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली, "सूटबूटवाला हवा होता का? तुमच्यासाठी यायला तो एकटा हो म्हणालाय. बघा बाई."

"ये," सर म्हणाले. "तीन वाजता ये. वरच्या मजल्यावर, शेवटची खोली."

"आठवतेय सर. ती कशी विसरेन?"

तर्कशास्त्राचा वर्ग कॉरिडॉरच्या टोकाला होता. एक फळा, बाकं, आणि खिडकीपाशी आडवं लावलेलं पुस्तकांचं मोठं कपाट, ज्याच्या मागे सरांनी आपलं टेबल सरकवून स्वतःपुरती खोली केली होती. शिपायाने आज फरशी पुसली होती. फळा सरांनी स्वतः पुसला, दोनदा. पंपवाला वेळेआधी आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून भांग. हात घासून घासून लाल केले होते, तरी नखांच्या कडा काळ्याच होत्या. तो आपसूक मागच्या बाकाकडे निघाला, मग स्वतःच हसून पुढे येऊन बसला.

समिती उशिरा आली. त्या दिवसातलं त्यांचं हे तिसरं कॉलेज होतं. अध्यक्ष जिना चढून दमले होते. बाई सदस्य होत्या, त्यांचा एक पाय दुखत असावा, कारण त्या बसल्याबरोबर चप्पल काढून टाच दाबू लागल्या. तिसरे गृहस्थ काही बोलत नव्हते, बिस्किटं तेवढी खात होते. प्राचार्य दारापाशी उभे राहून कोणी बोललं की मान डोलवत होते.

"सर," अध्यक्ष म्हणाले, "थोडक्यात सांगा. मुलगा तुमच्या विषयाला बसतो. बाहेर पडताना त्याच्या हातात काय असतं?"

सकाळपासून घोळलेलं वाक्य सरांनी शोधलं. ते कुठेतरी पडलं होतं. "म्हणजे... विचार... विचार करण्याची..." ते म्हणाले आणि थांबले. कपाटाच्या काचेत त्यांना स्वतःचं तोंड दिसलं, उघडं राहिलेलं.

"विचार सगळेच करतात की, सर," बाई म्हणाल्या. त्या टोचून बोलत नव्हत्या. त्याही दमल्या होत्या.

"आमचे एक माजी विद्यार्थी आलेत," प्राचार्यांनी घाईने सावरून घेतलं. "त्यांच्याकडूनच ऐकू या."

पंपवाला उभा राहिला. अध्यक्षांनी "बसा, बसा" म्हटलं तरी उभाच राहिला.

"साहेब, मी पंप दुरुस्त करतो," त्याने सुरुवात केली. बिस्किटवाल्या गृहस्थांनी प्रथमच मान वर केली. "कोणी म्हणेल, याचा आणि तर्कशास्त्राचा काय संबंध? तर सांगतो. आज सकाळचीच गोष्ट. एका घरी पंप पाणी ओढत नव्हता. दुसरा कोणी असता तर इथे ठोक, तिथे ठोक करत बसला असता. मी काय केलं? सरांनी शिकवलंय तसं पायरीपायरीने गेलो. पहिली पायरी : तळाची झडप गळत असेल, तर पंप पाणी ओढत नाही. दुसरी पायरी : हा पंप पाणी ओढत नाही." त्याने दोन बोटं वर धरली होती, आता तिसरं उघडलं. "म्हणून, या पंपाची झडप गळतेय. झालं. निकाल लागला."

"वा!" अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. "बघा बाई, याला म्हणतात उपयोग. हेच तर आम्ही सगळीकडे विचारत फिरतोय. कारागीर माणूस, पण विचार कसा रेषेत! हे मी अहवालात जसंच्या तसं घालणार. काय म्हणालात, पहिली पायरी—"

प्राचार्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. बाईंनी पाय चपलेत घातला. तेवढ्या वेळात खोलीत जी काही आशा आली, ती सरांना स्पष्ट दिसली, खिडकीतून ऊन यावं तशी. आता त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं हे तर त्यांना जन्मभर जमलेलं एकमेव सार्वजनिक काम.

"कशावरून?" सर म्हणाले.

खोलीत कोणाला काही कळलं नाही. पंपवाल्याला मात्र कळलं. त्याचं तिसरं बोट हळूहळू मिटलं.

"काय म्हणालात सर?" अध्यक्षांनी विचारलं.

"झडप गळत असेल तर पाणी येत नाही, हे ठीक," सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. अडखळ गेली होती. ते उठून फळ्यापाशी गेलेही होते. "पण पाणी येत नाही म्हणून झडपच गळते, असं ठरत नाही. पाणी न येण्याला दुसरं कारण असू शकेल. काय असू शकेल?"

प्रश्न पंपवाल्याला होता. त्याने शाळकरी पोरासारखं उत्तर दिलं. "हवा घेत असेल सर. मोटर उलटी फिरत असेल. टाकीतच पाणी नसेल."

"मग?"

"मग म्हणून म्हणता येत नाही सर."

"बस," सर म्हणाले, आणि तेव्हाच त्यांना आजूबाजूला कोण बसलं आहे ते आठवलं. हातात खडू होता. तो त्यांनी खाली ठेवला.

अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे सर, मला समजून घेऊ दे. तुमचा हा एक विद्यार्थी, तुम्हीच निवडून आणलेला. त्याला तुमच्या विषयातलं जे एक लक्षात आहे, ते चुकीचं आहे?"

सरांनी विचार केला. "हो," ते म्हणाले.

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते चांगुलपणाने रुमालात घेतलं. समितीने फायली मिटल्या. बिस्किटवाल्या गृहस्थांनी जाताना सरांचा हात हातात घेऊन दाबला, कोणाच्या घरी दुःखाला गेल्यावर दाबतात तसा.

सर वर्गातच राहिले. पंपवालाही गेला नाही. बाकावर, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. बऱ्याच वेळाने प्राचार्य वर आले. ते वयाने सरांपेक्षा लहान होते, पण त्या घटकेला दोघांत तेच थकलेले दिसत होते.

"सर, बंद. पुढच्या वर्षी प्रवेश द्यायचे नाहीत. आत आहेत त्यांचं तेवढं पुरं करायचं." ते दाराच्या चौकटीला टेकले. "तुम्हाला परीक्षा विभागात घेतो. नोकरीला धक्का नाही."

"बरं."

"लिहायला बसले होते हो ते. पेन हातात होतं त्यांच्या." प्राचार्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "एका माणसाचं एक वाक्य चुकलं असतं, तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"चूक होतं ते."

"अहो, कोणाला कळलं असतं?"

सरांनी याचं उत्तर शोधलं, पण त्यांना ते सापडलं नाही. वर्गात एखाद्या मुलाने हा प्रश्न विचारला असता तर कदाचित सापडलं असतं. प्राचार्य "दार लोटून घेतो, कॉरिडॉरमध्ये आवाज आहे फार," असं म्हणून निघून गेले.

"मी घाण केली का सर?" पंपवाल्याने विचारलं.

"नाही. केली असेल तर मी."

"मला वाटलं, छान जमतंय. साहेब खूश झाले होते."

"झाले होते खरे." सर कपाटामागच्या आपल्या टेबलापाशी गेले आणि त्याला समोरची खुर्ची दाखवली. इथून फळा दिसत नसे, खिडकी दिसे. "एक विचारू? सकाळी तू झडप काढलीस, ती धड होती. मग तू सांधे बघितलेस. मी तिथेच होतो. इथे मात्र झडप गळत होती असं का सांगितलंस?"

पंपवाला ओशाळला. "खरं सांगू सर? आधी मला झडपेचाच संशय आला होता आणि तो खोटा निघाला. आता एवढ्या मोठ्या लोकांपुढे, पहिलं अनुमान चुकलं, असं कसं सांगणार? तुमची लाज गेली असती. म्हटलं, सरांचा विद्यार्थी बघा, एका फटक्यात बरोबर, असं दिसलं पाहिजे."

सरांनी खुर्ची पुढे ओढली.

"पण तू काढून बघितलीस ना झडप? नवीन बसवून मोकळा झाला नाहीस."

"ते तर बघावंच लागतं. माझे वडील नाही बघायचे. त्यांनी झडप म्हटली की झडप, नवीन घाला. पाणी नाही आलं की गिऱ्हाइकाच्या नशिबाला बोल. मला नाही जमत तसं. मनात आपलं येतंच..." तो थांबला. "सवय लागलीय हो. बायको वैतागते. मुलगा उशिरा आला की ती म्हणते, मित्रांच्यात बसला असणार. मी म्हणतो, असणार कसं, विचारू या की. सायकल पंक्चर झाली असेल. ती म्हणते, तुम्ही कॉलेजात गेलात तेच चुकलं."

सर हसले. त्या दिवसातलं ते पहिलंच हसू असावं. हसता हसता त्यांना वाटलं, हे तासापूर्वी या कपाटाच्या पलीकडे बोलला असता तर. मग वाटलं, बोलला असता तरी अध्यक्षांनी ते लिहून घेतलं असतं, हे कशावरून? पुरुषभर उंचीचं कपाट, त्यातली कोणी न उघडलेली पुस्तकं, आणि त्यांच्या सावलीत आपण दोघं. आपण याला हे दिलं असं म्हणावं, तर हा मुळातच तसा असेल. म्हणायला पुरावा नाही. सरांना नेहमीची शंका आली आणि तिच्याबरोबर नेहमीचा थकवाही.

"तुमचं ते कुलपाचं उदाहरण होतं ना सर?" पंपवाला म्हणाला. "घराला कुलूप असलं की काय ते?"

"घरात कोणी नसेल तर दाराला कुलूप असतं," सर म्हणाले. "दाराला कुलूप आहे. म्हणून घरात कोणी नाही."

"हां! आणि मग तुम्ही विचारायचात. आणि एकजण म्हणाला होता, आत कोणाला तरी कोंडलं असेल सर. वर्ग नुसता फुटला होता हसून."

"तू होतास का तो?"

"नाही हो. मी हसणाऱ्यांत."

बाहेरचं ऊन केव्हाच गेलं होतं. बोलण्याच्या नादात दिवा लावायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. कॉरिडॉरमधली वर्दळ थांबली होती आणि एकेक दार ओढल्याचे आवाज जवळजवळ येत होते. मग याच दाराची कडी वाजली आणि तिच्यापाठोपाठ कुलूप लागल्याचा तो लहानसा, खात्रीचा आवाज आला.

"अहो, आम्ही आत आहोत," सर म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की कपाटापलीकडेही पोचलं नसतं. फळ्यापासून दूर त्यांचा आवाज कधी निघालाच नव्हता.

दोघांनी अंधारात एकमेकांकडे बघितलं. पंपवाल्याच्या खांद्यांना गदगदा हसू फुटलं, सरांनाही आवरेना. मग पंपवाला दाराशी गेला आणि पाइप ठोकणाऱ्या हाताने त्याने दार असं काही वाजवलं की खाली जिन्यापर्यंत पोचलेली पावलं थबकली, वळली आणि घाईघाईने वर आली.

दार उघडलं. शिपायाने आधी दिव्याचं बटण दाबलं आणि सरांना बघून कपाळाला हात लावला. सर आणि तो बरोबरीनेच कॉलेजात लागले होते.

"अरे देवा! सर, तुम्ही! माफ करा सर. दिवा बंद होता, म्हणून म्हटलं आत कोणी नसणार."

सरांचं तोंड उघडलं. शिपाईही तो शब्द ऐकायला तयार उभा होता. इतक्या वर्षांत त्याला सरांची सवय झाली होती. पण सरांनी तोंड मिटलं. टेबलावरचा डबा उचलून पिशवीत घातला, चष्म्याचं घर शर्टाच्या खिशात घातलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "दिवा लावायला हवा होता आम्ही."

शिपायाला चुकल्यासारखं वाटलं. त्याने किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला आणि पुढे काय बोलावं ते न कळून उगाच फळ्याकडे बघितलं. फळा कोराच होता. सर त्याच्या बाजूने, भिंतीचा आधार घेत कॉरिडॉरमध्ये आले आणि जिन्याकडे निघाले.

मागून पंपवाल्याचा आवाज आला. त्यात थट्टा नव्हती. एखाद्या सांध्याला फेस लावून बघावं, तसा तो बोलला.

"कशावरून?"

सर पहिल्या पायरीवर थांबले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, कठड्यावर हात ठेवून ते नुसते उभे राहिले. वर, उघड्या दारापाशी, शिपायाने किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला, दिव्याच्या बटणाकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं आणि विचारात पडला.